रंगपेटीवर न छापलेली ओळ



जलरंगांविषयी बोलायचे तर रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. १९५१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सुदर्शन केमिकलचा कारखाना इथे आहे. आधी कलर-केम, मग क्लॅरियंट, मग ह्यूबाख अशी नावे बदलत आलेला रंगद्रव्यांचा दुसरा कारखानाही याच वसाहतीत आहे, आणि मार्च २०२५ मध्ये सुदर्शनने जगभरचा ह्यूबाख समूहच विकत घेतला. इथे तयार होणारी पूड छपाईच्या शाईत, भिंतीच्या रंगात आणि प्लॅस्टिकच्या बादलीत जाते. चित्रकाराच्या वाट्याला येणारी पूड त्यामानाने चिमूटभर. पण माझे आजचे सगळे म्हणणे त्या चिमटीपुरतेच आहे. स्वस्त रंग उडतात आणि महाग रंग टिकतात, अशी आपली सरसकट समजूत आहे. पालक तसे म्हणतात, दुकानदार म्हणतात, पुष्कळदा चित्रकलेचे शिक्षकही म्हणतात. ही समजूत रसायनशास्त्राला धरून नाही. रंगाचा टिकाऊपणा त्यातल्या रंगद्रव्यावर ठरतो आणि रंगद्रव्याचा टिकाऊपणा त्याच्या भावावर ठरत नाही. म्हणून सामान्य घरातल्या मुलाला परवडणारी रंगपेटी टिकाऊ करता येते. त्यासाठी ग्राहकाने एकच गोष्ट मागायला हवी: पेटीतल्या प्रत्येक वडीत कोणते रंगद्रव्य आहे, हे पेटीवर छापा.

जलरंगाची वडी म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. रंगद्रव्याची बारीक पूड, ती कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, वडी तडकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा मध, बुरशी येऊ नये म्हणून थोडे रसायन, आणि वडी स्वस्त करायची असेल तर भर घालण्यासाठी खडूची पूड व डिंकाच्या जागी डेक्स्ट्रिन. डिंक, ग्लिसरीन आणि खडू यांचा कागदावरचा रंग उडण्या-न उडण्याशी फारसा संबंध नसतो. वडीवर ओला ब्रश कितीही घासला तरी रंग फिका उतरतो, दोन रंग मिसळले की राखाडी गढूळपणा येतो, वाळल्यावर कागदावर पांढुरकी साय दिसते, हे दोष भर घातल्याचे आणि रंगद्रव्य कमी पडल्याचे आहेत. ते पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसतात. उडण्याचा दोष मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने दिसतो आणि तो रंगद्रव्याचाच असतो. आपण हे दोन्ही दोष ‘स्वस्त रंग’ या एकाच नावाखाली जमा करतो आणि तिथेच आपला हिशेब चुकतो.

किंमत आणि टिकाऊपणा यांची गाठ किती सैल आहे, याचा पुरावा इतिहासात भरपूर आहे. जगातले सर्वांत टिकाऊ रंगद्रव्य बहुधा सर्वांत स्वस्तही आहे. ते म्हणजे काव, गेरू, पिवळी माती. रसायनशास्त्राच्या भाषेत लोहाचे ऑक्साइड. पेटीतले यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना याच घराण्यातले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत लाल आणि पिवळा रंग आहे तो मातीचा, काळा आहे तो काजळीचा. दुरून आणावे लागले ते मुख्यतः निळ्यासाठी अफगाणिस्तानातले लाजवर्द. लेण्यांतल्या अंधाराने त्या चित्रांचे रक्षण केले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण लोहाचे ऑक्साइड आधीच पूर्ण गंजलेले असते. ऊन आणि हवा यांनी त्याचे आणखी काही बिघडवायचे उरलेलेच नसते. कोकणातली जांभ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उन्हापावसात उभी असते, तिचा तांबडेपणा काही फिका पडत नाही.

उलट बाजूचे उदाहरण किरमिजी रंगाचे. एका किड्यापासून काढलेला हा लाल रंग युरोपात मोठ्या किमतीला विकला जाई आणि जलरंगात पातळ लावला की उन्हात बघता बघता उडे. गँबोजचीही तीच गत. तो आपल्या रातांब्याच्याच कुळातल्या एका पूर्वेकडच्या झाडाचा पिवळा चीक. महाग, पोटात गेला तर जहाल रेचक आणि उन्हापुढे दुबळा. आज पेटीवर ‘गँबोज ह्यू’ असे लिहिलेले असते तेव्हा आत त्या झाडाचा चीक नसून कारखान्यातले दुसरे पिवळे असते. ते अस्सलपेक्षा स्वस्त असते आणि चांगले निवडलेले असेल तर अस्सलपेक्षा कितीतरी टिकते. ‘ह्यू’ लिहिलेला रंग नकली म्हणून नाक मुरडणारे चित्रकार आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

सगळ्यांत बोलका पुरावा अल्ट्रामरीनचा. अस्सल अल्ट्रामरीन म्हणजे तेच लाजवर्द, एके काळी सोन्याच्या तोलामोलाचे. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीन स्वस्तात बनवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस जाहीर केले आणि १८२८ मध्ये ते गिमे या रसायनज्ञाला मिळाले. चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून तयार केलेला तो रंग प्रकाशापुढे खाणीतल्या दगडाइतकाच पक्का निघाला. हीच पूड पांढऱ्या कपड्यांची नीळ म्हणून आपल्या किराणा दुकानात पोचली. राजेरजवाड्यांचा रंग धुण्याच्या बादलीत आला, पण त्याच्या गुणात काडीचा फरक पडला नाही. त्याचे एकच वैर आहे, आम्लाशी. अल्ट्रामरीनच्या सुकलेल्या पट्टीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. निळा रंग विरत जातो आणि नाक जवळ नेले तर सडक्या अंड्यासारखा वास येतो; रंगाच्या स्फटिकात कोंडलेले गंधक त्या वासातून बाहेर पडत असते. प्रशियन ब्लूवर हाच रस टाकला तर काही होत नाही. तिथे पानाचा ओला चुना लावा, निळ्याचा तपकिरी डाग होतो. दोन्ही वड्या निळ्या, एकाच पेटीत शेजारी बसलेल्या. पण कोणती कशाला भिते, हे किंमत सांगत नाही. ते आतल्या पदार्थाला माहीत असते.

आता धाटावच्या रंगाकडे वळतो. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रँजमथच्या एका कारखान्यात थॅलिक ॲनहायड्राइडपासून पांढरा पदार्थ बनवताना भांड्याचा मुलामा फुटला, आतले लोखंड उघडे पडले आणि पांढऱ्यात निळसर कण दिसू लागले. ते फेकून न देता तपासले गेले आणि त्यातून थॅलोसायनीन या नव्या कुळाचा पत्ता लागला. लोखंडाच्या जागी तांबे घातले की होतो तो थॅलो ब्लू, १९३५ मध्ये बाजारात आला. आज थॅलिक ॲनहायड्राइड, युरिया आणि तांब्याचा क्षार एकत्र तापवून तो टनांनी बनवतात. कच्चा माल दळून, त्याचे कण हव्या त्या आकाराचे करून मग पूड होते. मधोमध तांब्याचा एक अणू आणि भोवती सममितीने गुंफलेली कड्यांची चौकट, अशी त्या रेणूची रचना. ही चौकट इतकी घट्ट असते की ऊन, आम्ल, चुना यांपैकी कशाचाच तिच्यावर सहसा परिणाम होत नाही. चौकटीच्या कडेच्या हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन बसवला की तोच निळा हिरवा होतो. रंगाच्या जगात या निळ्याला क्रमांक आहे पीबी १५, हिरव्याला पीजी ७. ब्रशाच्या टोकावरचा एवढासा थॅलो ब्लू वाटीभर पाणी निळे करतो आणि कागदात असा शिरतो की वाळल्यावर ओल्या ब्रशाने पुसून निघत नाही. अल्ट्रामरीन मात्र कागदाच्या खळग्यांत दाण्यादाण्यांनी बसतो आणि बराचसा उचलूनही घेता येतो. आकाश रंगवणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक शिकवायलाच हवा. ढगाची कड पुसून उजळायची असेल तर अल्ट्रामरीन घ्यावा, थॅलो घेतला तर ढग गेलाच म्हणून समजा.

थॅलो ब्लू टिकतो याला प्रयोगशाळेची साक्ष काढायला नको. कुठल्याही एस.टी. स्थानकाबाहेरच्या सलूनच्या काचेवरचे केशरचनांचे जुने चित्र पाहा, किंवा रस्त्याकडेला वर्षानुवर्षे उभा असलेला छापील फलक पाहा. माणसांचे चेहरे निळे, साड्या निळ्या, झाडे निळी. चाररंगी छपाईत पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा अशा शाया असतात. त्यांतल्या नेहमीच्या पिवळ्या आणि किरमिजी शाईला ऊन सोसत नाही. त्या दोन्ही उडतात आणि थॅलोची निळी शाई मागे राहते. त्या फलकावरच्या चारही शाया एकाच बाजारातल्या, एकाच छापखान्यातल्या. स्वस्तपणाच उडण्याचे कारण असता तर चारही उडायला हव्या होत्या.

रंगपेटीत नेमके हेच घडते. सॅप ग्रीन बहुधा थॅलोच्या कुळातला निळा किंवा हिरवा आणि एखादा पिवळा यांच्या मिश्रणाने करतात. पिवळा कच्चा असेल तर चित्रातली झाडी दोन उन्हाळ्यांत निळी पडते. स्वस्त पेटीतले निळे, हिरवे, मातकट आणि काळे रंग बहुतेक पक्के असतात. खरी गफलत लाल, गुलाबी, जांभळ्या आणि काही पिवळ्यांत आहे. हे रंग बहुतांशी ॲझो कुळातले. बर्फाने गार ठेवलेल्या पाण्यात एका पदार्थाचा डायझो करायचा, तो दुसऱ्याच्या द्रावणात सोडायचा की क्षणात रंग उमटतो. कोणता पदार्थ कोणाशी जोडला यावर सगळे अवलंबून असते. एका जोडीतून वर्षानुवर्षे टिकणारा पिवळा निघतो, दुसरीतून एका उन्हाळ्याचा सोबती. ऱ्होडामिनपासून केलेले झगझगीत गुलाबी तर उडण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जागी घालायला क्विनाक्रिडोन आहे. ते १९५८ मध्ये बाजारात आले, गुलाबी ते जांभळ्यापर्यंत त्याच्या छटा आहेत आणि टिकाऊपणात ते वरच्या रांगेत बसते. ते महाग आहे, हे मान्य. पण किती महाग? एका वडीत अर्धा ग्रॅम रंगद्रव्य धरू, म्हणजे किलोभर पुडीत दोन हजार वड्या होतील. कच्च्या रंगाचा भाव किलोला दोनशे रुपये धरा आणि पक्क्याचा दोन हजार. पहिला वडीमागे दहा पैशांना पडतो, दुसरा एक रुपयाला. बारा रंगांच्या पेटीत बदलावे लागतील असे रंग दोन किंवा तीन. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. भाव दुप्पट केला तरी फरक पाच-सहा रुपयांच्या पुढे जात नाही. तेवढ्याने मुलाची रंगपेटी श्रीमंतांची होत नाही.

मग हा बदल आपोआप का होत नाही? कारण ग्राहकाला फरक दिसत नाही. जे दिसत नाही त्यासाठी कोणी जास्त पैसे देत नाही, आणि ज्याला पैसे मिळत नाहीत ते कोणी बनवत नाही. यावरचा उपाय जुना आहे. १८८८ मध्ये इंग्लंडात रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचा अहवाल सरकारला दिला. रंगवलेले कागद त्यांनी काचेच्या नळ्यांत ठेवले; काहींत कोरडी हवा, काहींत दमट, काहींत निर्वात पोकळी. दमट हवेत रंग जास्त उडाले, निर्वातात बहुतेक टिकले. वर्षाचे चार महिने जिथे भिंतींना घाम फुटतो त्या कोकणात हा निष्कर्ष विशेष मनावर घ्यायला हवा. पण त्या अहवालाचे मोठे फळ वेगळेच. चित्रकार प्रश्न विचारू लागले आणि १८९२ मध्ये विन्सर अँड न्यूटन या कंपनीने आपल्या रंगांत कोणती द्रव्ये आहेत ते छापून प्रसिद्ध केले. पुढे १९२० च्या दशकात ‘कलर इंडेक्स’ ही जगभरच्या रंगद्रव्यांची सूची तयार झाली. आता रंगद्रव्य कोणते ते सांगायचे झाले तर एक अक्षरजोडी आणि एक क्रमांक पुरतो. कलावंतांसाठीच्या महाग ट्यूबवर ही ओळ छापलेली आढळते, शाळकरी पेटीवर ती बहुधा नसते. पेटीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असते, ते आवश्यकच आहे. पण ती ग्वाही पोटाची आहे, टिकण्याची नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की मुलांच्या चित्रांना टिकून करायचेय काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सगळ्याच गोष्टी टिकायला नकोत. इथून जवळच्या पेणचे उदाहरण घ्या. हमरापूर-जोहे परिसरातून जी गणपतीची मूर्ती बाहेर पडते, तिच्या रंगाला काही आठवडे झळाळायचे असते आणि मग पाण्यात जायचे असते. तिथे शंभर वर्षे टिकणारे क्विनाक्रिडोन मागणे वेडेपणाचे होईल. तिथे रंग पाण्याला आणि माशांना अपाय न करणारा हवा, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांचा रोखही तोच आहे. पण मूर्तिकारालाही आपला रंग निवडायचा तर डब्यात काय आहे ते कळायलाच हवे. टिकणारा हवा असो की न टिकणारा, निवड करणाऱ्याला नाव ठाऊक असले पाहिजे. आणि मुलांच्या चित्रांविषयी म्हणाल, तर शासकीय रेखाकला परीक्षेसाठी, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी, महिनोन्‌महिने सराव करणारी मुले आपली चित्रे भिंतीवर लावतात. घरातले सगळ्यांत उजेडाचे ठिकाण त्यांच्या वाट्याला येते. तिथे वर्षभरात गुलाबी जास्वंद पांढरी पडली, तर त्या मुलाला वाटते आपलेच कुठेतरी चुकले.

दुसरा आक्षेप हाताच्या कौशल्याचा. थोर चित्रकारांनी मिळेल त्या रंगात काम केले, रंगद्रव्यांचे क्रमांक पाठ करून कोणी चित्रकार होत नाही, असे म्हणतात. हात तयार नसेल तर क्रमांकाने काही साधत नाही, हे निर्विवाद. पण सावंतवाडीकडच्या मातीतून आलेल्या सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र केले ते जलरंगात. हाताआड धरलेल्या समईचा उजेड चित्रातल्या मुलीच्या बोटांतून आणि चेहऱ्यावर पसरतो, तो थरावर पातळ थर चढवून आणलेला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आजही लोक त्यापुढे थबकतात. त्या थरांतला एखादा नारिंगी उडाला असता तर समई कोणाला दिसली असती? कौशल्य जितके तरल, तितके ते रंगद्रव्याच्या भरवशावर उभे असते. जलरंगात तर हे अधिकच खरे, कारण थर पातळ असतो आणि कणांना आडोसा देणारे तेल नसते.

तिसरा आक्षेप कारखानदारांचा: आमची कृती आम्ही उघड का करावी? कृती कोणी मागतच नाही. डिंक किती, ग्लिसरीन किती, दळण किती बारीक, हे त्यांचे धन त्यांच्यापाशी राहो. रंगद्रव्याचा क्रमांक हे गुपित नव्हे. चांगली प्रयोगशाळा ते ओळखून काढू शकते. आणि या बाबतीत महाराष्ट्राला पुढाकार घ्यायला सबळ कारण आहे. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून कॅमलिनचा आरंभ केला आणि पुढे ‘कॅमल’ची पेटी मराठी शाळांतल्या पिढ्यांची पहिली रंगपेटी झाली. २०११ नंतर कोकुयो कॅमलिन झालेल्या त्या कंपनीचा एक कारखाना आपल्याच रायगडात, पाताळगंगेला आहे. रंगद्रव्याचे कारखाने धाटावला, रंगपेटीवाल्यांचा पाताळगंगेला, दोन्ही एका जिल्ह्यात. शाळकरी पेटीवर ती ओळ छापण्याची सुरुवात रायगडातून झाली तर शोभून दिसेल.

शेवटचा आक्षेप याच गावातून येईल आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. टिकाऊ रंगाचे कौतुक करताना कुंडलिका नदीचे काय? खाडीकाठच्या मच्छीमारांनी नदीच्या पाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत आणि रंगपेटीच्या प्रेमापोटी त्या झाकणे गैर होईल. पण कच्चा रंगही तशाच भांड्यांत, तशाच आम्लात बनतो. तो वापरल्याने नदी स्वच्छ होत नाही. सांडपाण्याचा प्रश्न सांडपाणी प्रक्रियेने आणि त्यावरच्या कडक देखरेखीनेच सुटेल, आणि तो सुटलाच पाहिजे. त्रास सोसून जो पदार्थ या गावात बनतो तो निदान काय आहे, हे इथल्या मुलाला त्याच्या पेटीवर वाचता यावे, एवढे मागण्याचा हक्क या गावाला इतरांहून जास्त आहे.

पेटीवर ती ओळ येईपर्यंत शाळांनी थांबून राहायचे कारण नाही. कार्ट्रिज पेपरची एक पट्टी घ्या, पेटीतल्या प्रत्येक रंगाचा आधी दाट आणि मग पाण्याने पातळ होत जाणारा एकेक फराटा ओढा, शेजारी रंगाचे नाव आणि तारीख लिहा. पट्टी उभी चिरून अर्धी जाड वहीत, अंधारात ठेवा आणि अर्धी दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात लावलेली पट्टी मे महिन्यात काढा आणि दोन्ही अर्धे जोडून पाहा. आधी पातळ टोकांकडे बघा, उडणारा रंग तिथून उडायला लागतो. पट्टीवर काय सापडले ते पेटी बनवणाऱ्या कंपनीला शाळेच्या नावाने पत्र लिहून कळवा, आणि प्रत्येक उडालेल्या रंगासमोर त्याचा क्रमांक लिहून पाठवायला त्यांना सांगा.